‘प्रतिकूल कब्जा’: प्रतिकूल कोणाला?

प्रश्न असा आला आहे: ‘प्रतिकूल कब्जा’ आणि ‘वहिवाट’ एकच का? १२ वर्षे वहिवाट केली की जमीन आपली होते, हे खरे का?

एकच नव्हेत. ‘प्रतिकूल’ म्हटले की आपल्याला ‘परिस्थिती’ आठवते आणि शब्दाचा अर्थ ‘अडचणीचा’ असा वाटू लागतो. इथे प्रतिकूल म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध. ‘जमीन माझी आहे’ या भूमिकेतून, उघडपणे, परवानगीवाचून आणि खंड न पडता ठेवलेला कब्जा.

वहिवाट हा फार मोकळा शब्द आहे. भाडेकरूची वहिवाट असते, राखणदाराचीही असते. मालकाच्या संमतीने ४० वर्षे जमीन कसली, पीकपाहणीला नाव लागले, तरी तेवढ्याने कब्जा प्रतिकूल होत नाही. (वहिवाटीच्या रस्त्याचे प्रकरण निराळे. तिथे २० वर्षे लागतात आणि मिळतो तो जाण्यायेण्याचा हक्क, मालकी नव्हे.)

१२ वर्षे हा आकडा १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातला, अनुच्छेद ६५ मधला. ती मोजायची कब्जा प्रतिकूल झाल्या दिवसापासून. लोक घोळ घालतात तो इथेच. समजा, मालकाने २००० साली भाच्याला जमीन सांभाळायला दिली. २०१० साली मालकाने ती परत मागितली, तेव्हा भाचा तोंडावर म्हणाला, ‘आता ही माझी, देणार नाही.’ मालकाला दावा लावायला २०२२ पर्यंत मुदत आहे. २०१२ साली त्याचा हक्क बुडाला असे म्हणणे साफ चूक. जमीन सरकारी असेल तर सरकारला ३० वर्षे मिळतात.

‘मुदतबाह्य’ हा शब्दही जपून वापरावा. उसन्या पैशांचा दावा मुदतबाह्य झाला तरी देणे उरतेच, ते दावा लावून वसूल करता येत नाही इतकेच. जमिनीत मात्र याच मुदतीच्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मुदतीबरोबर मूळ मालकाचा हक्कच संपतो. म्हणून अशा ठिकाणी ‘दावा मुदतबाह्य झाला’ एवढ्यावर न थांबता ‘हक्क नष्ट झाला’ असे स्पष्ट लिहावे. २०१९ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असा कब्जेदार केवळ बचाव करतो असे नाही, मालकीसाठी स्वतः दावाही लावू शकतो.