खासदाराच्या कचेरीत मनोविकारतज्ज्ञ

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या जीन स्परलॉक काँग्रेशनल फेलोशिपबद्दल आलेले काही प्रश्न.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत सायकियाट्रीची रेसिडेन्सी करते आहे. ही फेलोशिप केली की ती नेमकी कशातली तज्ज्ञ होईल?

कशातलीच नाही. घोळ 'फेलोशिप' या शब्दाचा आहे. बालमनोविकारासाठी दोन वर्षं करतात ती फेलोशिप म्हणजे पुढचं शिक्षण. इथे मात्र रेसिडेंट (हॉस्पिटलात विशेष प्रशिक्षण घेणारे डॉक्टर) किंवा नुकतेच प्रॅक्टिसला लागलेले मनोविकारतज्ज्ञ 10 महिने वॉशिंग्टनमध्ये, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एखाद्या सदस्याच्या कचेरीत काम करतात. ओपीडी नाही, राउंड नाहीत.

प्रश्न : मग तिथे डॉक्टरचं काम काय? कारकुनी?

थोडी कारकुनीही असते, आणि त्यात कमीपणा नाही. विधेयकं वाचायची, त्यांची टिपणं काढायची, भेटायला येणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं. पण डॉक्टर कुठे उपयोगी पडतो ते सांगतो. अमेरिकेत 2008 साली कायदा झाला : आरोग्य विमा मनोविकारांना लागू असेल, तर त्यावरच्या अटी इतर आजारांपेक्षा जाचक नकोत. वाक्य सोपं आहे. पण 'जाचक' म्हणजे काय? पेशंटला आणखी चार दिवस वॉर्डात ठेवायची परवानगी मिळावी म्हणून ज्याने विमा कंपनीच्या फोनवर दुपार घालवली आहे, त्याला ते विचारावं लागत नाही. ती दुपार एका पानात मांडता येणं, हीच इथली खरी शिकवणी.

आपल्याकडेही मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 21(4) विमा कंपन्यांना हेच सांगतं. पुण्यात क्लेम नाकारला गेलेल्या घराला हे प्रकरण परकं वाटू नये.

प्रश्न : स्परलॉक कोण?

बालमनोविकारतज्ज्ञ (1921–1999). हॉवर्ड विद्यापीठातून 1947 साली डॉक्टर झाल्या. 1971 साली मनोविकारशास्त्रातला स्ट्रेकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय. पुढे बरीच वर्षं असोसिएशनच्या वैद्यकीय उपसंचालक होत्या.

प्रश्न : मी जे-1 व्हिसावर आहे. अर्ज करू का?

आधी रेसिडेन्सीच्या ऑफिसात आणि इमिग्रेशन वकिलाकडे जा. डॉक्टरांचा जे-1 मंजूर झालेल्या ट्रेनिंगपुरताच असतो. अर्जाचा निबंध नंतर लिहा.

प्रश्न : तिथे राजकारणी मंडळी 'अमक्या नेत्याचं डोकं ठिकाणावर आहे का' असं विचारणारच. काय सांगायचं?

काहीही नाही. 1964 साली 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकाने मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, की त्या वर्षीचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदाला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का? 1,189 जणांनी 'नाही' कळवलं. त्यांना न तपासता! गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण नियतकालिकावरचा अब्रुनुकसानीचा दावा जिंकले. 75,000 डॉलरची दंडात्मक भरपाई मिळाली. 1973 साली असोसिएशनने नियमच केला : स्वतः तपासल्याशिवाय आणि त्या माणसाच्या संमतीशिवाय सार्वजनिक व्यक्तीचं निदान जाहीर करायचं नाही.

लग्नाच्या पंगतीत कुणी 'आमच्या साडूंना नक्की काय झालंय हो?' म्हणून विचारतं, तेव्हा आपण मठ्ठ्याचा पेला पुढे करतो ना? तेच करायचं.