वाचक विचारतात : कोचीला जाण्याआधी वार ठरवा

गेल्या अंकात जुन्या बंदरांविषयी प्रश्न मागवले होते. सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रं कोचीविषयी आहेत. त्यांतल्या पाच प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : आम्ही चौघं, त्यात सासू-सासरे सत्तरीचे. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस कोचीसाठी काढलेत. पुरतील का? (विटा)

दिवस पुरतील, पण वार चुकलेत. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. तिथून पाच मिनिटांवरचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणजे परदेशी सिनेगॉग, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी दिवसभर बंद. रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये उपासना चालते, तेव्हा पाहुण्यांना आत हिंडता येत नाही. म्हणजे तिन्ही दिवशी एकेक ठिकाण काही वेळ तरी बंद, आणि सिनेगॉगसाठी शुक्रवारची सकाळ नाहीतर रविवारची गर्दी एवढंच उरतं. कोचीजवळच्या त्रिपुणितुराचा हिल पॅलेसही पाहायचा असेल तर सोमवार वगळा, तो त्यांचा सुट्टीचा वार. रजा मिळत असेल तर मंगळवार ते गुरुवार जा. ज्यूंच्या सणांनाही सिनेगॉग बंद असतं, एवढं आधी फोन करून विचारा.

पहिल्या सकाळी नऊच्या सुमारास राजवाडा गाठा. तो 1555 च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला आणि 1663 नंतर डच लोकांनी दुरुस्त केला, म्हणून नाव पडलं डच पॅलेस. बाहेरून पांढरा, साधा, कौलारू वाडा दिसतो आणि बरेच जण तिथेच हिरमुसतात. पाहायचं ते आतल्या भिंतींवर आहे. राजाच्या शेजघरात दशरथाच्या यज्ञापासून रामाच्या परतीपर्यंतचं रामायण रंगवलेलं आहे. गेरूचा तांबडा, पिवळा, हिरवा, काळा आणि पांढरा, एवढ्याच रंगांत. आकृत्या इतक्या दाटीनं भरल्यात की पहिली दोन मिनिटं काहीच कळत नाही. एका कोपऱ्यापासून सुरुवात करा, आधी डोळे आणि मुकुट शोधा, मग प्रसंग उलगडतात. चित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. वाड्यात जिना चढावा लागतो. वडीलधाऱ्यांना घाई करू नका, तासभर ठेवा.

तिथून पायीच सिनेगॉगकडे. ते दुपारी एक ते तीन बंद असतं, त्यामुळे साडेबाराला पोचून उपयोग नाही. अकरापर्यंत आत असलेलं बरं. चपला बाहेर काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. 1568 सालची ही वास्तू. जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. दुरून सगळ्या सारख्या वाटतात. वाकून शेजारशेजारच्या दोन पाहा, झाडाची फांदी नाहीतर पाण्याची रेघ वेगळी निघते.

फोर्ट कोची तिथून अडीच-तीन किलोमीटरवर आहे. रिक्षा करा, पण भाडं अगदीच कमी सांगितलं तर समजा की वाटेत दोन-तीन दुकानं दाखवली जाणार. 'दुकानात थांबायचं नाही' हे बसण्याआधी सांगा. दुपारी विश्रांती, आणि चारनंतर सेंट फ्रान्सिस चर्च व समुद्रकाठ. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला, त्याला इथेच पुरलं होतं. पुढे अवशेष लिस्बनला नेले, पण थडग्याची जागा दाखवतात. तिथे भिंतींत बसवलेल्या जुन्या शिळा आणि वर टांगलेले, दोरीनं ओढायचे कापडी पंखे चुकवू नका.

प्रश्न : मिरजेहून रेल्वेनं कसं जावं? (मिरज)

पुण्याहून सातारा, सांगली, मिरज, बेळगाव, मडगाव असा मार्ग धरणारी पूर्णा एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला जाते, पण आठवड्यातून एकदाच. तिचा वार आणि वरचे बंद वार दोन्ही जुळवून बेत आखा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. ती नाही जमली तर गोवा एक्स्प्रेसनं मडगाव आणि तिथून मंगला किंवा नेत्रावती एक्स्प्रेस. दोन गाड्यांची तिकिटं वेगळी असतात, पहिली उशिरा आली म्हणून दुसरी थांबत नाही. मधे चार-पाच तास तरी हवेतच. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगानं धावतात आणि वेळापत्रक बदलतं. तेव्हा वेळ पुन्हा तपासा.

उतरायचं एर्नाकुलम जंक्शनला, तिथले लोक त्याला 'साउथ' म्हणतात. पुढे रस्त्यानं फोर्ट कोची बारा-तेरा किलोमीटर आहे आणि पुलावर गर्दी होते. त्यापेक्षा रिक्षानं हायकोर्टाजवळचा वॉटर मेट्रोचा धक्का गाठा. बॅटरीवर चालणारी वातानुकूलित बोट वीस-पंचवीस मिनिटांत फोर्ट कोचीला सोडते.

प्रश्न : मुझिरिस एवढं मोठं बंदर होतं, मग व्यापार कोचीला कसा आला? (कराड, विद्यार्थिनी)

पाण्यामुळे. मुझिरिस आजच्या कोडुंगल्लूरच्या परिसरात, पेरियार नदीच्या मुखाशी होतं. 1341 मध्ये पेरियारला प्रचंड पूर आल्याचं सांगतात. मुझिरिसकडचं मुख गाळानं भरलं आणि दक्षिणेला कोचीपाशी समुद्राकडे खोल वाट मोकळी झाली. जहाजं खोल पाण्यामागे गेली, आणि त्यांच्यामागे व्यापारी. कृष्णेचा 2005 आणि 2019 चा पूर तुमच्याकडे सगळ्यांनी पाहिलाय. नदी एका पावसात काठ कसा बदलते हे कराडच्या प्रीतिसंगमावर वाढलेल्या मुलीला वेगळं सांगायला नको.

कोचीच्या त्या मुखाशीच मासे पकडायची चिनी जाळी उभी आहेत. लांब लाकडी दांड्याच्या एका टोकाला चार वाशांवर ताणलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठाले दगड. आपल्याकडच्या मोटेसारखी बैलजोडी नाही, दगडांच्या वजनावर पाच-सहा माणसं जाळं वर काढतात. दगड वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले असतात. जाळं वर येत जातं तसे ते एकेक करून फळीवर टेकतात आणि तोल सांभाळला जातो. पावसाळ्यानंतर जलपर्णी वाहत आली की जाळी अडकतात, काम थांबतं. दोर ओढायला बोलावलं तर आधी पैशांचं विचारून घ्या.

प्रश्न : कथकलीचा खेळ पाहावा का? भाषा कळत नाही. (सांगली)

जरूर पाहा. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं ते यक्षगान करणाऱ्या मंडळींचे खेळ पाहून, आणि त्यातही पदं सूत्रधार म्हणे. कथकलीतही नट तोंडानं बोलत नाही. मागे उभे गायक पदं म्हणतात, अर्थ नट हातांच्या मुद्रांनी आणि डोळ्यांनी सांगतो. त्यामुळे भाषेचा अडसर वाटतो तेवढा नाही.

फोर्ट कोचीत पाहुण्यांसाठी रोज संध्याकाळी साधारण सहाला तासा-दीड तासाचा खेळ होतो. मूळचा खेळ रात्रभराचा, हा त्यातला एखादा प्रसंग. पाचलाच जा, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर करतात आणि आमच्या मते अर्धी मौज तिथे आहे. हिरवा चेहरा म्हणजे 'पच्चा', रामासारखं सज्जन पात्र. हिरव्यावर तांबडी, सुरीच्या पात्यासारखी रेघ आली की 'कत्ती', रावणासारखा गर्विष्ठ वीर. डोळे लाल दिसावेत म्हणून नट एका झाडाचं बारीक बी पापणीखाली ठेवतो. पुढच्या दोन रांगांतच बसा, मागून डोळ्यांचा अभिनय दिसत नाही. वाद्यांची आवड असेल तर स्त्रीपात्र आल्यावर कान द्या. चेंडा नावाच्या ढोलाचा कडकडाट थांबून सहसा मऊ आवाजाची इडक्का सुरू होते.

प्रश्न : मिरी, वेलदोडे तिथून आणावेत का? (तासगाव)

आणा, पण सिनेगॉगच्या गल्लीतून नको. तिथे भाव पाहुण्यांचे असतात. मट्टनचेरीच्या बाजार रोडवर घाऊक व्यापाऱ्यांच्या वखारी आहेत, काही जण किलोनं देतात. मिरीची प्रत आकार आणि वजनावर ठरते. निर्यातीची 'मलबार गार्बल्ड', म्हणजे निवडून साफ केलेली मिरी लिटरच्या मापात किमान 550 ग्रॅम भरावी लागते. दुकानात हे माप नसतं, म्हणून वाटीभर पाण्यात दहा-बारा दाणे टाका. भरीव दाणा बुडतो, पोकळ मिरी आणि पपईची बी तरंगते. वेलदोडा भडक हिरवा असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालावर चोळा, रंग उतरला तर घेऊ नका. 'कुडमपुळी' नावाची काळी, धुरावलेली आंबट फोड दिसेल. ती आपल्या कोकमाची भावकी. माशाच्या कालवणाला दोन फोडी पुष्कळ होतात, आणि शिजवण्याआधी दहा मिनिटं पाण्यात भिजवाव्या लागतात.