भार आधी, चेहरा नंतर
वाचकांचे प्रश्न : मानवाकृती रेखाटन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली या वेळची बहुतेक पत्रं एकाच अडचणीपाशी येऊन थांबतात. चेहरा जमतो, पण माणूस कागदावर उभा राहत नाही. म्हणून पहिलं उत्तर सविस्तर दिलं आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न : चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला 'अ' श्रेणी मिळाली. चेहरे हुबेहूब येतात, पण पूर्ण माणूस काढला की तो पडतोय असं वाटतं. रोज तासभर सराव करते. काय चुकत असेल?
– विद्यार्थिनी, अमळनेर

तुम्ही बहुधा डोक्यापासून सुरुवात करता, चेहरा पूर्ण करता आणि मग खाली उतरता. पावलांपर्यंत येता येता कागद संपतो किंवा जिथे जागा उरली तिथे पावलं बसतात. खरं तर पावलं कुठे येणार हे शरीराचा भार ठरवतो. तो आधी शोधायला हवा.

गवंडी वापरतो तसा ओळंबा तयार करा. हातभर दोऱ्याला एक लोखंडी नट बांधला की झालं. समोरच्या माणसाला एका पायावर भार देऊन उभं राहायला सांगा, एसटीची वाट बघताना आपण उभे राहतो तसं. हात ताठ ठेवून ओळंबा धरा आणि दोरा त्याच्या गळ्याच्या खळीवर आणा. दोरा भार असलेल्या पायाच्या आतल्या घोट्यापाशी उतरतो. भार दोन्ही पायांवर सारखा असेल तर तो दोन पावलांच्या मध्ये उतरेल. दोरा पावलांच्या बाहेर गेला, तर माणूस चालतोय, कशाला तरी टेकलाय किंवा पडतोय. तुमच्या चित्रात यातलं तिसरं घडतंय.

दुसरी गोष्ट कलाची, म्हणजे खांदे आणि कंबर कोणत्या बाजूला झुकतात त्याची. भार घेणाऱ्या पायाकडचं कंबरेचं हाड वर चढतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. खांद्यांची रेषा आणि कंबरेची रेषा एकमेकींच्या उलट कलतात. नवशिक्याच्या चित्रात त्या समांतर असतात आणि माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा ताठ दिसतो.

तुमचा तास असा वाटून घ्या : ३० सेकंदांच्या १० पोझ, १ मिनिटाच्या १०, २ मिनिटांच्या ५, ५ मिनिटांच्या २ आणि शेवटी २० मिनिटांची १. ही ५५ मिनिटं झाली. उरलेल्या ५ मिनिटांत ओळंबा लावून चुका तपासा. ३० सेकंदांत तीनच रेषा काढायच्या : डोक्यापासून भाराच्या पावलापर्यंत एक लांब रेषा, खांद्यांचा कल आणि कंबरेचा कल. १ मिनिटात छातीच्या पिंजऱ्याचं अंडं आणि कंबरेची पेटी वाढवा. २ मिनिटांत हातपाय, तेही नळ्यांसारखे साधे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बाहेरची कड घाईने ओढत जाणं. हात पळतो, पण नजर मागेच राहते. पेन्सिल टोकाजवळ न धरता मागून धरा आणि मनगट न वळवता खांद्यापासून हात फिरवा. पहिले दोन आठवडे ५ मिनिटांपेक्षा छोट्या पोझमध्ये डोळे-नाक अजिबात काढू नका. तुमचा हात चेहऱ्यावर बसलेला आहे, म्हणूनच हे पथ्य तुम्हाला जड जाईल. तरीही पाळा.

प्रश्न : स्मरणचित्रात डोक्यावर भारा घेतलेली बाई किंवा खांद्यावर केळीचा घड घेतलेला मजूर काढतो. वजन उचलल्यासारखं वाटतच नाही.
– रावेर

भारा डोक्यावर असेल तर भारा, कान, खांदा, कंबर आणि घोटा बाजूने पाहिल्यास जवळजवळ एका ओळंब्यात येतात. मान ताठ, पाठ सरळ, पावलं जवळजवळ. मान वाकवलीत की भारा खोटा वाटतो.

घडाचं उलट असतं. वीस-पंचवीस किलोचा घड उजव्या खांद्यावर आला की धड डावीकडे सरकतं, कारण आता माणूस आणि घड दोघांचा मिळून भार पावलांवर तोलायचा असतो. मोकळा डावा हात अंगापासून दूर जातो. उजवा खांदा दाबला न जाता वर उचलला जातो आणि मान पलीकडे झुकते. तुम्ही आधी सरळ उभा माणूस काढून त्याच्या खांद्यावर नंतर घड ठेवत असाल. घड पहिल्या १० सेकंदांतच एक गोळा म्हणून मांडा. धड त्यानंतर आपोआप कलतं.

प्रश्न : कोणता कागद, कोणती पेन्सिल?
– यावल

छोट्या पोझसाठी छापखान्यात उरलेला न्यूजप्रिंट घ्या. स्वस्त असतो, त्यामुळे वाया घालवायला हात कचरत नाही. मोठ्या पोझसाठी ए-३ आकाराचा कार्ट्रिज. २बी आणि ४बी पेन्सिली, शिवाय चित्रकलेच्या दुकानात मिळणारा कोळसा. खोडरबर सरावात दूरच ठेवा. कोळशाच्या चित्रावर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा, फूटभर अंतरावरून, मोकळ्या हवेत आणि दोन पातळ थरांत मारा. जवळून मारलं तर डाग पडतात.

बोर्ड मात्र मांडीवर आडवा ठेवू नका. कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जाऊन आखूड दिसतो, म्हणून हात नकळत तो भाग लांबवतो. मग बोर्ड उभा केला की माणूस ताणलेला निघतो. बोर्ड नजरेच्या रेषेला काटकोनात येईल इतका उचला. पाटाला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवला तरी चालतो.

प्रश्न : मॉडेल मिळत नाही. घरच्यांचे मोबाइलवर फोटो काढून त्यावरून सराव करतो. डोकं मोठं आणि पाय बारीक येतात.
– शहादा

दोष हाताचा नाही, फोटोचा आहे. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद पट्ट्याची, म्हणजे वाइड-अँगल असते. चार फुटांवरून, डोळ्याच्या उंचीवर धरून फोटो काढलात तर डोकं कॅमेऱ्याच्या जवळ आणि पावलं लांब. जवळचं मोठं दिसतं. १० ते १२ फूट मागे जा, दुप्पट झूम करा आणि मोबाइल कंबरेच्या उंचीवर धरा.

तरीही आठवड्यातले निम्मे दिवस तरी जिवंत माणसासमोर बसा. फोटोत एका डोळ्याने टिपलेलं सपाट चित्र असतं. मांडी पुढे येते की मागे जाते हे त्यात समजत नाही. आठवडे बाजारात भाजीवाल्या तासन्‌तास एका जागी बसतात आणि त्यांच्या त्याच त्या हालचाली परत परत होतात : तराजू उचलणं, ढिगावर पाणी शिंपडणं, पिशवीत माल ओतणं. एकाच पानावर तीन-चार रेखाटनं सुरू करा. ती हालचाल पुन्हा आली की त्या रेखाटनाकडे परता. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत उभ्या माणसांचे हवे तितके नमुने मिळतात. सौदा ठरेपर्यंत माणसं एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहतात. कुणालाही काढण्याआधी विचारा, बाईमाणूस असेल तर नक्कीच, आणि झालेलं चित्र दाखवा. नको म्हटलं तर वही मिटा.

घरातल्यांसाठी मे महिन्यातली दुपार उत्तम. पारा ४५च्या आसपास गेला की ओसरीवर सगळे आडवे होतात. झोपलेला माणूस पावलांकडून काढणं हा लघुकरणाचा, म्हणजे आखूड दिसणाऱ्या अवयवांचा, सर्वांत चांगला धडा आहे. तिथे मनातलं प्रमाण विसरा. पेन्सिल ताठ हातात धरून एक डोळा मिटा आणि मोजा. कोपर जरा वाकलं तरी माप बदलतं. तळवा चेहऱ्यापेक्षा मोठा दिसतोय? मग तसाच काढा.

प्रश्न : माणूस किती डोक्यांचा? कुणी साडेसात सांगतं, कुणी आठ. शिल्पशास्त्रात नवताल आहे. मुलांना काय शिकवू?
– कलाशिक्षक, धुळे

प्रत्यक्षात माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो. आठ हे भव्य दिसावं म्हणून घेतलेलं आदर्श प्रमाण. नवतालातलं एककच वेगळं आहे. डोकं म्हणजे टाळूपासून हनुवटीपर्यंत, तर ताल म्हणजे केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा. एक ताल १२ अंगुळांचा. लहान एककाने मोजलं की संख्या वाढणारच. हा फरक फळ्यावर काढून दाखवलात की मुलांचा गोंधळ तिथेच मिटेल.

मुलांना चार खुणा पुरतात : उंचीचा मध्य जांघेच्या हाडाशी, गुडघा पाव उंचीच्या थोडा वर, कोपर कंबरेशी, मनगट जांघेच्या पातळीवर. तळहात बोटांसह हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंत पोहोचतो. मुलं हात आणि पावलं नेहमी लहान काढतात. वर्षाचं बाळ चार डोक्यांचं असतं, हेही सांगा. नाहीतर मुलांच्या चित्रात कडेवरचं बाळ म्हणजे लहान आकारात काढलेला मोठा माणूसच होतो.

आणि बसलेली माणसं शिकवा. छापील तक्त्यांत सगळे उभे असतात, आपल्याकडे मात्र अर्धं आयुष्य जमिनीवर बसून जातं. मांडी घालून ताठ बसलेला माणूस जमिनीपासून चार डोक्यांना जरा कमी, खुर्चीतला सहाला जरा कमी. उकिडवं बसलेल्याची उंचीही चाराच्या आसपास राहते, पण तिथे खरा प्रश्न भाराचा असतो. सगळा भार तळव्यांवर यायला हवा, म्हणून धड पुढे झुकतं, गुडघे खाकेजवळ येतात आणि हात पुढे जातात. पाठ सरळ काढली की माणूस मागे कलंडतो. उकिडव्यांवर पूर्ण एक तास खर्च करा.

प्रश्न : भुसावळ, चाळीसगाव, नंदुरबार अशा ठिकाणचे आम्ही दहा जण दर रविवारी मोबाइलवर एकमेकांना रेखाटनं पाठवतो. एक तर 'खूप छान' येतं, नाहीतर भांडण होतं. अभिप्राय द्यायचा कसा?
– भुसावळ

आधी पाठवणाऱ्याचं काम. चित्रासोबत चार गोष्टी लिहा : वेळ किती घेतला, समोर माणूस होता की फोटो, कशाचा सराव करत होतात आणि तुमचा एक नेमका प्रश्न. '२ मिनिटं, जिवंत माणूस, कंबरेचा कल, भार डाव्या पायावर वाटतो का?' एवढं पुरे. २ मिनिटांचं चित्र २० मिनिटांचं समजून तपासलं गेलं की भांडण तिथूनच सुरू होतं. सर्वांत चांगलं एकच चित्र न पाठवता सलग तीन पाठवा. एका चित्रात अपघात दिसतो, तिन्हींत सवय दिसते. फोटो काढताना कागद सावलीतल्या दिवसाउजेडात ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल कागदाला समांतर धरा. तिरक्या फोटोमुळे नसलेल्या चुका दिसतात. पोझ फोटोवरून घेतली असेल तर तो फोटोही जोडा, पण त्यातल्या माणसाला विचारूनच.

आता सांगणाऱ्याचं. याच क्रमाने पाहा : भार, मग कल, मग प्रमाण, मग आकार आणि सर्वांत शेवटी रेषा व छाया. ज्या पायरीवर चूक सापडेल तिथे थांबा आणि पुढचं बोलू नका. ओळंबाच बाहेर पडत असेल तर बोटांच्या छायेवरचं मत निरुपयोगी आहे. ते ऐकून माणूस पडक्या आकृतीची बोटं सुधारत बसतो. एका चित्राला एक मुद्दा, फार तर दोन.

मुद्दा मोजता येईल असा हवा. 'पाय चुकलाय' म्हणू नका. असं लिहा : 'गळ्याच्या खळीतून रेषा टाकली तर ती उजव्या टाचेच्या अर्धा इंच बाहेर जाते. टाच तेवढी बाहेर घ्या किंवा धड डावीकडे सरकवा.' कौतुकालाही हाच नियम लावा. 'छान' या शब्दाला जागा जोडा : 'खांदा आणि कंबर उलट कलल्यामुळे थकवा दिसतोय.' काय टिकवायचं हे कळलं नाही, तर पुढच्या वेळी तेही निसटतं.

चित्रावर दुरुस्ती करायची असेल तर फोटोच्या प्रतीवर लाल रेषा काढा, नाहीतर कागदावर बटर पेपर ठेवा. तीनच रेषा, म्हणजे ओळंबा आणि दोन कल. संपूर्ण आकृती नव्याने काढून देऊ नका. ते तुमचं चित्र होतं आणि समोरचा त्याची नक्कल करायला लागतो. मॉडेलच्या अंगावर, जाडीवर, रंगावर शेरा नको. असा शेरा आला तर त्याच दिवशी थांबवा. नाहीतर गटातल्या मुली हळूहळू चित्रं पाठवणं बंद करतात.

दोघांनी उलट सल्ले दिले तर मतं मोजू नका, चित्र मोजा. मोबाइलमध्ये फोटो आरशासारखा उलटा करा. सवयीने दिसेनासा झालेला तिरकेपणा लगेच दिसतो. तरी पटलं नाही तर ओळंबा आहेच.

दहा जणांत पाळी लावा. प्रत्येकाने रविवारी दोघांचीच चित्रं तपासायची, ठरलेली. नाहीतर पहिल्या चित्राला नऊ उत्तरं येतात आणि शेवटच्याला एकही नाही. अभिप्राय मिळालेलं चित्र खोडून सुधारू नका. आठवड्याभरात तीच पोझ नव्या कागदावर पुन्हा काढा आणि पुढच्या रविवारी दोन्ही शेजारी ठेवून पाठवा. आमच्या मते सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी सर्वांत मोलाची, आणि नेमकी हीच बहुतेक गट गाळतात.

प्रश्न : अजिंठा आम्हाला जवळ आहे. तिथे जाऊन नकला केल्या तर आकृती सुधारेल का?
– जामनेर

सुधारेल, पण काय घ्यायचं ते ठरवून जा. तिथली छाया एका दिव्याच्या उजेडातली नाही. ती गोलाई दाखवण्यासाठी घातलेली आहे, त्यामुळे उजेड-सावली तिथे शिकू नका. कल शिका. पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहून डोकं, खांदे आणि कंबर या तिघांचे कल तीन रेषांत टिपा. मग हातांच्या मुद्रा घ्या. आत अंधार असतो आणि फ्लॅशला बंदी आहे, म्हणून छोटी वही आणि मऊ पेन्सिल न्या. सोमवारी लेणी बंद असतात.

नकलेची परंपरा इथे जुनी आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर वर्षानुवर्षं इथे नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल यांची कबर तुमच्या शेजारी भुसावळमध्ये आहे. पुढे १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम पुन्हा केलं. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, 'स्टॅच्यू ऑफ युनिटी'चे शिल्पकार राम सुतार यांनीही १९५०च्या दशकात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम केलं होतं.

एका फेरीत दोनच आकृती घ्या, प्रत्येकीला अर्धा तास. घरी आलात की त्याच पोझमध्ये भावाला किंवा मैत्रिणीला उभं करा, ओळंबा धरा आणि लेण्यातली रेषा जिवंत अंगावर कुठे जुळते, कुठे चित्रकाराने मुद्दाम वाढवली आहे, ते वहीच्या समोरच्या पानावर लिहून ठेवा.