आधी बटणांवर खेळव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझी मेल वाचली, फोटो पाहिले. होळकरी स्वारांच्या पगड्या सुरेख झाल्यात. २८ मिलिमीटरच्या फिगरवर, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या पुतळ्यावर, एवढं बारीक काम करताना डोळ्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. पण सुपर कॉरिडॉरवरची नोकरी सोडून टेबलावरच्या लढायांचे खेळ रचणारा वॉरगेम डिझायनर व्हावं का, असं विचारतोस आणि पुरावा म्हणून पाठवतोस रंगकाम! महिदपूरच्या लढाईवरच्या तुझ्या खेळाच्या नियमांची फाइल साठ पानांची, पण ते कुणी खेळून पाहिल्याची खूण एकाही पानावर नाही. सीतलामाता बाजारातून शर्टाची बटणं आण, दोन रंगांची. जेवणाच्या टेबलावर निळी ओढणी टाकून क्षिप्रा नदी कर. आधी बटणांवर खेळव.

तू महिदपूर निवडलंस याचा मला आनंद झाला. आपल्या इंदूरच्या पोरांना पानिपत पाठ असतं, उज्जैनच्या पुढे असलेलं महिदपूर नसतं. २१ डिसेंबर १८१७. इंग्रजांचे हिस्लॉप आणि माल्कम नदीच्या उथळ उतारावरून फौज अलीकडे काढतायत, समोर होळकरांच्या तोफांची रांग. घोडदळ निघून गेलं, गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. म्हणून तू नियम केलास की तिसऱ्या फेरीला होळकरांचं घोडदळ आपोआप पळेल. बरं, पळालं. मग होळकरांच्या बाजूनं बसलेल्या माणसानं करायचं काय? चहा टाकायला उठायचं?

त्याला काहीतरी ठरवायला दे ना. आदल्याच दिवशी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा खून झालाय, गादीवर कोवळ्या वयाचे मल्हारराव, फौजेचा कुणावर भरवसा नाही. मग घोडदळ आत्ता सोडायचं, की शत्रू नदीच्या पात्रात अडकेपर्यंत थांबायचं? थांबलं तर प्रत्येक फेरीला त्यांची हिंमत घटते, घाई केली तर तोफांच्या तोंडावर आपलेच घोडे येतात. हा झाला खेळ. रंगवलेल्या फिगर मांडल्या की कुणी हे विचारत नाही, सगळे मोबाइल काढून फोटो घेतात. बटणांचा कुणी फोटो घेत नाही. अर्ध्या तासात समोरचा कंटाळला तर ते त्याच्या तोंडावर दिसतं.

आता तुझा हल्ल्याचा नियम. सोळा स्वार, सोळा फासे. चार किंवा वर पडलं की वार लागला: आठ. पुन्हा आठ फासे, पुन्हा चार किंवा वर: चार. मग समोरच्यानं बचावाचे चार टाकायचे, मेले दोन. अठ्ठावीस फासे खुळखुळवून दोन माणसं! पहिल्या दोन फेकी एकत्र कर: आठ बाजूंचा फासा घे, सात किंवा आठ पडले की लागला. सोळातले चार, हिशेब तोच. बचावाची फेक मात्र काढू नकोस. ती समोरच्याच्या हातात असते, आपला माणूस आपण वाचवला असं त्याला वाटतं, आणि तेवढ्यासाठी तो टेबलापाशी बसून राहतो. हे मला कुणी शिकवलं नाही, बटणांनी शिकवलं.

तू म्हणशील, काका, तो वॉरहॅमर नावाचा इंग्लंडातला वॉरगेम बघा, फिगरवरच उभं आहे. आहेच. १९८३ साली ते आलं तेच मुळी फिगर जास्त खपाव्यात म्हणून. पण फिगर ओतण्याचा कारखाना त्यांच्या घरचा होता. तुझ्याकडे रामबागेतल्या गच्चीवर एक रेझिन प्रिंटर आहे, आणि त्याच्या वासावरून आई रोज बोलते. उलट राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ साली प्रशियाच्या अधिकाऱ्यांपुढे जो खेळ मांडला त्यात नकाशा होता, ठोकळे होते आणि निवाडा करणारा पंच होता. पगडी एकही नव्हती. फिल बार्करच्या डीबीए या वॉरगेममध्ये, १९९० साली, एका बाजूला फक्त बारा बेस, म्हणजे फिगर चिकटवलेल्या पट्ट्या, आणि तासाभरात निकाल. लोक अजून खेळतात.

मला हेकट म्हणतात, असू दे. परदेशातल्या एका प्रकाशकाला माझे नियम हवे होते, पण हत्ती वाढवून हवे होते. हत्तीच्या फिगर खपतात म्हणे. ज्या लढाईत हत्तींनी काही केलंच नाही तिथे हत्ती घुसवायचे? मी नाही म्हटलं. घरचे अजून ऐकवतात की तेव्हा होकार दिला असता तर नाव झालं असतं. झालंही असतं. अनोळखी माणसं आपला खेळ खेळतायत आणि आपण मागे उभे राहून बघतोय, हे मला फार थोडं मिळालं, त्याची खंत आहेच. पण नोकरी धरून ठेवली म्हणूनच तर नाही म्हणता आलं! पगार चालू होता म्हणून हत्ती नाकारणं परवडलं. हे मी स्वतःचीच वकिली करतोय असं वाटेल तुला. करतोय.

या धंद्यात बहुतेक डिझायनर दुसरं काहीतरी करून पोट भरतात. कुणी एकरकमी पैसे घेतो, कुणी खपलेल्या प्रतींवर टक्केवारी. दोन्हींच्या भरवशावर घराचा हप्ता जात नाही.

तेव्हा राजीनामा लिहिला असशील तर देऊ नकोस, तसाच राहू दे. साठ पानांची दोन कर. तुझ्या त्या मावसबहिणीला बसव, जिला यातलं ओ की ठो कळत नाही, आणि ती अडली तरी तोंड उघडू नकोस. कुठे अडली ते कागदावर लिहून घे आणि तो कागद मला पाठव. फोटो नकोत.

तुझा,
काका