रिपोर्ट नॉर्मल आले तरी अंग दुखतं. बायकांच्या दुखण्यात सुप्त मनाचा आणि ताणाचा हात किती?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४३. वर्षभर मान आणि पाठ दुखतेय, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडतं, पाळी पुढेमागे होतेय, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." मग एका व्हिडिओत ऐकलंत की बायकांचे आजार सुप्त मनातल्या जुन्या पॅटर्नमधून येतात. थायरॉइड म्हणजे घशात अडकलेले शब्द, गर्भाशयातल्या गाठी म्हणजे गिळलेला राग. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "म्हणजे हे दुखणं मीच ओढवून घेतलंय का?"

नाही. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात २६ वर्षं काम करतेय. मान आखडलेली बाई आली की मी तिला उताणी झोपवते, तिचा हात माझ्या हातावर घेते आणि म्हणते, "सोडून द्या, जड होऊ दे." ती म्हणते, "सोडलाय की." मग मी माझा हात हळूच खालून काढून घेते. तिचा हात तसाच वर, हवेत. तिला ते दाखवलं की ती स्वतःच चकित होते. दहातल्या निदान चार-पाच जणींचं असं होतं. खोटं कुणी बोलत नसतं. स्नायू ताठ धरलाय हेच तिला कळत नाही, कारण तो इतकी वर्षं धरलेला आहे की तिला तेच सैल वाटतं. सुप्त मनातला पॅटर्न म्हणतात तो माझ्या टेबलावर असा दिसतो. त्यात गूढ काही नाही. सायकल शिकल्यावर तोल सांभाळण्याचा विचार करावा लागत नाही, तसंच सावध राहणंही अंगवळणी पडतं. 'अंगवळणी' हा आपला शब्द किती नेमका आहे बघा. सवय मनाला लागते असं आपण म्हणतच नाही, ती अंगाला वळण लावते असं म्हणतो.

एका पेशंटनं सांगितलेलं विसरत नाही. लहानपणी वडिलांची स्कूटर गल्लीत वळली की तिला आवाजावरून कळायचं, आज ते कसे असणार. ती आणि आई दोघी तेवढ्या वेळात घर आवरून, आवाज बंद करून बसायच्या. आता ती चाळिशीची आहे, नवरा अतिशय मऊ स्वभावाचा. तरी संध्याकाळी दारात चावीचा आवाज झाला की तिचे खांदे कानाकडे जातात आणि पोट आत ओढलं जातं. मेंदूतला धोका ओळखणारा भाग विचार करणाऱ्या भागाच्या आधी हलतो. "अगं, हा तर माझा नवरा" हे तिच्या लक्षात येईपर्यंत शरीर तयार होऊन बसलेलं असतं. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं असं झालं तर मान दुखेलच.

ही तयारी म्हणजे काय, तर मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातून, मज्जातंतूंमार्फत थेट आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीमार्फतही, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो. अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, हृदय जोरात चालतं, साखर रक्तात येते, पचन मागे पडतं. कुत्रं अंगावर आलं तर हे हवंच, पण ते काही मिनिटांसाठी. रोजचंच झालं की त्याचा परिणाम पाळीपर्यंत पोचतो. अंडाशयाला हुकूम देणारी साखळीही मेंदूच्या त्याच कोपऱ्यातून, हायपोथॅलॅमसमधून सुरू होते. ताण फार काळ राहिला की तिथून ठरावीक अंतरानं जाणारे हुकूम मंदावतात, अंडं उशिरा सुटतं किंवा सुटतच नाही, आणि पाळी लांबते. परीक्षेच्या वर्षात मुलींची पाळी चुकते ती याचमुळे. झोप मोडली की तेवढंच दुखणं जास्त दुखतं, आणि दुखण्यानं झोप मोडते. तुमच्या पहाटे तीनच्या जागेचं एक कारण असंही असू शकतं की कॉर्टिसॉल त्या सुमारास नैसर्गिकपणेच वाढायला लागतं. झोप आधीच कच्ची असेल तर तेवढ्यानं मोडते.

ताणानं शरीर खरोखर बदलतं याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा साधा आहे. १९९५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची, एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटाची सरासरी ३९ दिवस. सेवा करणाऱ्या बायकांची जवळजवळ ४९. संख्या लहान आहे, पण कातडी भरून येणं हा काही मनाचा खेळ नव्हे.

हे वाचलं तेव्हा मी स्वतः त्या तेरा जणींपैकी एक असल्यासारखी होते. सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला होता, दोन वर्षं अंथरुणावर. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, दीर-जाऊ मदतीला तयार होते. मीच म्हणायचे, "राहू दे, मी करते." दुपारचं जेवण तीनला, उभ्यानं, ओट्यापाशी. मग जबडा दुखायला लागला, तोंड पूर्ण उघडेना. दातांच्या डॉक्टरांनी मागच्या दाढा बघितल्या आणि विचारलं, "झोपेत दात खाता का?" मला वाटायचं, जंत झालेली मुलं दात खातात. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, रोज आवाज येतो, तू इतकी दमलेली असतेस म्हणून उठवलं नाही. दुसऱ्यांच्या खांद्यातली गाठ बोटानं शोधणारी मी, आणि माझ्याच जबड्याचा मला पत्ता नव्हता.

ते "राहू दे" माझं नव्हतं, आईचं होतं. घरात सगळ्यांचं झाल्यावर ती उरलेलं घेऊन बसायची आणि म्हणायची, "आपलं काय, मागून होतं." कुणी शिकवलं नाही, मी ते बघून उचललं. मराठीत यासाठी एक शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. आपल्या आया-आज्यांनी आयुष्यभर दुखणी अंगावर काढली आणि आपण त्याला सोशिकपणा म्हणून डोक्यावर घेतलं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या कुटुंबांचा अनेक दशकं अभ्यास चाललाय. त्यातला २००७ साली आलेला एक भाग असा, की नवऱ्याशी वाद झाला की मनातलं मनातच ठेवणाऱ्या बायकांमध्ये, तसं न करणाऱ्यांच्या तुलनेत, पुढच्या दहा वर्षांत मृत्यूचा धोका चौपट दिसला. पुरुषांमध्ये असा संबंध दिसला नाही. गप्प बसल्यानंच मृत्यू आला असं यातून सिद्ध होत नाही, पण दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालताना दिसल्या.

आपल्या जवळचा पुरावा गोव्यातला आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली, २००५ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. सुमारे १२ टक्के बायकांनी सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असल्याचं सांगितलं. सगळ्यांना वाटेल, रक्त कमी असणार. पण या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. सापडला तो गरिबीशी, उदासी आणि चिंतेशी, नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेशी. पांढरं जाण्याच्या तक्रारीबद्दलही याच गटाला दिसलं की तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त होता. म्हणजे अशा बायकांना लोहाच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं, तर खरा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

म्हणूनच सगळं 'सुप्त मना'वर टाकलेलं मला सहन होत नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. गॅस कधी संपेल, मुलाची फी, सासऱ्यांच्या गोळ्या हे डोक्यात धरून ठेवण्याचा हिशेब वेगळाच. हा ताण काही सुप्त मनात नाही, तो उघड्यावर आहे आणि वाटून घेता येतो. बाईला "तुझे विचार बदल" म्हणणं सोपं जातं, कारण त्यात घरातल्या दुसऱ्या कुणाला उठावं लागत नाही.

आणि दुसरी बाजू याहून गंभीर आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तशी तपासणी फक्त ८ टक्के जणींची झाली होती. त्यांचं दुखणं खरं होतं, फक्त कुणी बघितलं नव्हतं. बाईला "टेन्शन आहे" म्हणून परत पाठवणं आणि "सुप्त मनातला राग आहे" म्हणून शिबिराला बसवणं, दोन्हींत तिला तपासायचं राहून जातं. थायरॉइडच्या आजाराची कारणं प्रतिकारशक्तीचा बिघाड, आनुवंशिकता, आयोडीन ही आहेत. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात. न बोललेल्या शब्दांनी त्या होतात याला कुठलाही आधार नाही. माझ्या एका पेशंटनं अशाच एका शिबिरानंतर थायरॉइडची गोळी बंद केली. चार महिन्यांनी आली तेव्हा तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, जिना चढवेना. तिला वाटत होतं, आपली श्रद्धा कमी पडली. हे ऐकून मला रडू आलं. आजार तर होताच, वर त्याचा दोषही तिनं स्वतःवर घेतला होता.

हो, मनावरचा एखादा प्रचंड आघात हृदयालाही खरोखर इजा करतो. "धसका घेतला" असं आपण म्हणतो ना, तशी एक अवस्था जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास नोंदवली. अचानक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगून ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून नाव ताकोत्सुबो. दहातले जवळपास नऊ रुग्ण बायका, बहुतेक पाळी गेलेल्या. बरेचसे काही आठवड्यांत बरे होतात. पण ते ओळखायलाही ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो, अंदाज नाही.

आता तुमच्यापुरतं. 'सगळे रिपोर्ट' म्हणजे नक्की कोणते ते काढून बघा. त्यात टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) आहे का? हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो, आणि मग थकवा, धडधड दोन्ही येतात. ४३ हे पाळी जाण्याआधीच्या बदलांचंही वय आहे. पाळी पुढेमागे होणं, पहाटे जाग येणं, धडधडणं हे तिन्ही त्यात बसतं, आणि त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना हा प्रश्न थेट विचारा.

एक साधी वही करा. धडधडलं की किती वाजले, पाळीचा कितवा दिवस, त्याआधी काय घडलं, एवढंच. दोन महिन्यांत तुम्हालाच काहीतरी दिसायला लागेल, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की "टेन्शन घेऊ नका" म्हणून उठवणं त्यांनाही जड जाईल. दिवसातून चार-पाच वेळा, फोन हातात घेताना किंवा कुकरची शिट्टी झाली की, खांदे कुठे आहेत आणि दात एकमेकांवर टेकलेत का ते बघा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मग एक लांब श्वास बाहेर सोडा. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांब हवं, हृदयाचा ठोका त्यानं उतरतो. आणि एक काम कायमचं दुसऱ्याच्या गळ्यात घाला. मदत म्हणून नको, त्यांचंच काम म्हणून, विसरले तर विसरू दे. मी सासूबाईंचं रात्रीचं सगळं दिराकडे दिलं तेव्हा पहिले आठ दिवस मला झोप लागली नाही, इतकं ते अंगात भिनलं होतं. नवव्या की दहाव्या दिवशी लागली.

उदास वाटणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, जगणं नको वाटलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण, दमदाटी असेल तर १८१. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण बायका ते पहिल्या प्रश्नात लिहीत नाहीत, म्हणून सांगून ठेवते.

आणि ईसीजी याच आठवड्यात काढा. बायकांच्या हृदयाचं दुखणं पुष्कळदा पाठ, जबडा, दम लागणं, मळमळ अशा रूपात येतं आणि अ‍ॅसिडिटी म्हणून मागे पडतं. मुलांच्या परीक्षा झाल्यावर, दिवाळीनंतर, असं नको.