अमेरिकेतले मतदार सर्वेक्षणात एक सांगतात आणि मत भलत्यालाच देतात, असं का?

तुमचा प्रश्न असा आहे: किमान वेतन वाढवा, गरिबांना सरकारी आरोग्य योजनेत घ्या, गर्भपाताचा हक्क राहू द्या, असं अमेरिकेतले बहुसंख्य लोक सर्वेक्षणांत सांगतात. मग याच गोष्टींना विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष निवडून कसा येतो? लोक सर्वेक्षणात खोटं बोलतात का?

खोटं बोलत नाहीत. इतक्या खात्रीनं सांगते, कारण इथे सुमारे निम्म्या राज्यांत नागरिकांना सह्या गोळा करून एखाद्या कायद्यावर जनतेचा थेट कौल घेता येतो, आणि राज्यघटनेतल्या दुरुस्तीवर तर जवळपास सगळ्याच राज्यांत तो होतो. बऱ्याचदा राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, राज्यपाल यांच्या नावांखाली त्याच मतपत्रिकेवर तो प्रस्ताव छापलेला असतो. त्यामुळे मुद्द्याला दिलेलं मत आणि पक्षाला दिलेलं मत शेजारी शेजारी ठेवून बघता येतं, तेही खऱ्याखुऱ्या मतमोजणीतून.

मी कॅन्सस राज्यात ओव्हरलँड पार्कला राहते. इथून पूर्वेला गेलं की स्टेट लाइन रोड लागतो. रस्त्याची पश्चिमेची बाजू कॅन्ससमध्ये, पूर्वेची मिझुरीत. कॅन्ससनं 1968 पासून आणि मिझुरीनं 2000 पासून राष्ट्राध्यक्षपदासाठी दर वेळी रिपब्लिकन उमेदवारच निवडला आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला याहून चांगली जागा नाही.

आधी मिझुरी बघू. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथल्या मतदारांनी डेमोक्रॅटिक सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांना घरी बसवून रिपब्लिकन जॉश हॉली यांना निवडलं. त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्यानं ताशी 12 डॉलरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता, तो 62 टक्क्यांनी मंजूर केला. कामगार संघटनांचे हात बांधणारा कायदा विधिमंडळानं केला होता, तोही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदारांनी दोन तृतीयांश मतांनी मोडीत काढला. मग नोव्हेंबर 2024. ट्रम्प यांना मिझुरीत 58 टक्क्यांच्या आसपास मतं पडली. किमान वेतन 15 डॉलर करण्याच्या आणि कामगारांना पगारी आजारपणाची रजा देण्याच्या प्रस्तावालाही जवळपास तेवढीच पडली. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्तीही त्याच दिवशी साडेएक्कावन्न टक्क्यांनी पास झाली. हे सगळे डेमोक्रॅट असते, तर ट्रम्प तिथे हरले असते. ट्रम्पना मत देणाऱ्या असंख्य हातांनीच रजेच्या प्रस्तावावर ‘हो’ची खूण केली आहे.

आता आमचं कॅन्सस. जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतला. त्यानंतर या विषयावर जनतेचा कौल पहिल्यांदा आमच्याकडे झाला, 2 ऑगस्टला. राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क नाही असं लिहून टाकायचं का, एवढाच सवाल होता. पण मतपत्रिकेवरचा मजकूर वाचूनच माणूस गोंधळावा असा. ‘स्त्रिया आणि मुलं दोघंही कॅन्ससवासीयांना मोलाची आहेत’ अशी सुरुवात करून पुढे लांबलचक वाक्यं. ‘हो’ म्हणजे हक्क काढून घ्या, ‘नाही’ म्हणजे असू द्या. आदल्या दिवशी लोकांच्या फोनवर मेसेज फिरले की स्त्रियांचा हक्क राखायचा असेल तर ‘हो’ला मत द्या. म्हणजे साफ उलटं. हे ज्यांनी पाठवलं त्यांचा मला आजही संताप येतो.

तारीखही ऑगस्टमधली, पक्ष आपापले उमेदवार ठरवतात त्या पक्षांतर्गत निवडणुकीची, जेव्हा एरवी मोजके लोक मतदानाला जातात. इथे मतदार म्हणून नाव नोंदवताना आपला पक्षही नोंदवता येतो, आणि रिपब्लिकन म्हणून नोंद असलेले मतदार डेमोक्रॅट नोंदणीच्या कितीतरी पुढे. कोणत्याच पक्षाकडे नोंद नसलेल्यांना या निवडणुकीत एरवी काम नसतं, पण घटनादुरुस्तीवर मात्र त्यांनाही मत देता येत होतं. उन्हाच्या काहिलीत रांगा लागल्या, नऊ लाखांवर लोकांनी मतदान केलं आणि 59 टक्के ‘नाही’ निघाले.

आमच्या शेजारचे गृहस्थ पश्चिम कॅन्ससमधली गव्हाची शेती विकून लेकीजवळ राहायला आले आहेत. आयुष्यभराचे रिपब्लिकन, दर रविवारी चर्चला जाणारे. त्यांच्या अंगणात ऑगस्टमध्ये प्रचाराची कसलीच पाटी नव्हती. निकाल लागल्यावर कुंपणापाशी बोलताना म्हणाले, मी ‘नाही’ला मत दिलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “सरकारनं माझ्या शेतात नाक खुपसू नये, माझ्या बंदुकीच्या कपाटात खुपसू नये, तसं माझ्या लेकीच्या डॉक्टरकडेही खुपसू नये.” गर्भपात त्यांना मान्य नाही. पण तो ठरवायला सरकार नको, हे त्याहून पक्कं. ‘नाही’च्या बाजूनं प्रचार करणाऱ्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या टीव्हीवरच्या जाहिराती स्त्रीच्या हक्कापेक्षा सरकारी सक्तीबद्दल जास्त बोलत होत्या.

याच गृहस्थांनी तीन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, सिनेटसाठी रिपब्लिकन जेरी मोरन यांना मत दिलं आणि राज्यपालपदासाठी डेमोक्रॅट लॉरा केली यांना. एकटे तेच नाहीत. मोरन 60 टक्के मतं घेऊन आले, केली निसटत्या फरकानं टिकल्या, आणि कट्टर रिपब्लिकन क्रिस कोबाक त्याच दिवशी राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, म्हणून निवडून आले. मोरन यांना मिळालेली मतं त्यांच्याच पक्षाच्या राज्यपालपदाच्या उमेदवाराहून लाखभरानं जास्त होती. म्हणजे निदान लाखभर लोकांनी त्या मतपत्रिकेवर एका पक्षाला सरसकट मत दिलं नाही. प्रत्येक रकान्यापाशी थांबून विचार केला.

मग उमेदवार निवडताना हे मुद्दे जातात कुठे? कुठेच जात नाहीत, फक्त मागे पडतात. सर्वेक्षणवाला फोनवर विचारतो, किमान वेतन वाढवावं का? समोरचा म्हणतो, हो, वाढवावं. त्या ‘हो’साठी त्याला दुसरं काहीच सोडावं लागत नाही. उमेदवार निवडताना मात्र महागाई, सीमेवरून होणारं स्थलांतर, बंदुका, धर्म, कर, मुलांच्या शाळेत काय शिकवतात आणि आपल्यासारख्या माणसांना कोण मान देतं, हे सगळं एकाच मतात बसवावं लागतं. 2022 च्या जूनमध्ये महागाईचा दर 9.1 टक्क्यांवर गेला होता. किराणा, घरभाडं, गाडीचा विमा, सगळ्याची झळ घराघरात बसली. 2024 साली मतदान करून बाहेर पडणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोक अर्थव्यवस्था वाईट आहे असं सांगत होते. अशा वेळी रजेचा मुद्दा आवडूनही तो राष्ट्राध्यक्ष ठरवत नाही.

शिवाय बहुतेकांचा पक्ष हा घरातून आलेला असतो. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या अभ्यासकांनी 1967 मध्येच दाखवलं होतं की सरकार लहान असावं असं म्हणणारे कितीतरी अमेरिकन एकेका सरकारी योजनेबद्दल विचारलं की ‘ही हवी’ म्हणतात. सरकारवरचा विश्वासही आटलेला आहे. प्यू या संशोधन संस्थेनं एकत्र केलेल्या सर्वेक्षणांच्या आकड्यांनुसार 1964 साली 77 टक्के लोक म्हणत होते की वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील. 2007 पासून हा आकडा 30 च्या वर चढलेला नाही. योजना हवी, पण ती चालवणाऱ्यांवर भरवसा नाही, अशा मनःस्थितीत माणूस ‘सरकारला आवर घालू’ म्हणणाऱ्याला मत देतो. मला हे विसंगत वाटत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझ्या उत्तराचा अर्थ ‘अमेरिकन लोक मनातून डेमोक्रॅटच असतात’ असा काढला जाईल. तसं नाही. कॅलिफोर्नियासारखं डेमोक्रॅटांचं घर घ्या. 2008 मध्ये तिथे ओबामांना 61 टक्के मतं मिळाली आणि त्याच दिवशी समलिंगी विवाहांवरची बंदीही 52 टक्क्यांनी मंजूर झाली. 2020 मध्ये बायडन तिथे प्रचंड फरकानं जिंकले, पण शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत वंश लक्षात घेऊन निवड करण्याची मुभा परत आणणारा प्रस्ताव 57 टक्क्यांनी आपटला. आणि 2024 मध्ये, मिझुरीनं 15 डॉलर मंजूर केले त्याच दिवशी, कॅलिफोर्नियानं 18 डॉलरचं किमान वेतन थोडक्यात नाकारलं. मतदार दोन्हीकडे पक्षाच्या चौकटीबाहेर विचार करतात.

सर्वेक्षणांचे आकडेही जसेच्या तसे धरू नका. बंदूक विकण्याआधी प्रत्येक गिऱ्हाईकाची पार्श्वभूमी तपासावी, याला देशभर 85 टक्क्यांच्या आसपास पाठिंबा दिसतो. 2016 मध्ये मेन राज्यात नेमका हाच प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. फोनवर ‘हो’ म्हणणं वेगळं, आणि चार महिने विरोधी जाहिराती बघून, कायद्याचं कलम वाचून ‘हो’ म्हणणं वेगळं. 2020 मध्ये तर निवडणूकपूर्व सर्वेक्षणं 40 वर्षांत चुकली नव्हती इतकी चुकली. फोन न उचलणाऱ्यांत एका बाजूचे लोक जास्त असले, तर उचलणारे कितीही खरं बोलले तरी आकडा चुकतोच.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसले ती सांगते. लोकांना काय हवं आहे यापेक्षा, त्यांना ते थेट विचारलं जातं की नाही, यावर इथलं धोरण ठरतं.

मिझुरीत नागरिक सह्या गोळा करून प्रस्ताव मतदानाला आणू शकतात. कॅन्ससमध्ये तशी सोयच नाही. काय विचारायचं ते विधिमंडळ ठरवतं. परिणाम बघा. मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. 2010 च्या कायद्यानं ती दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या प्रौढांना देण्याची वाट मोकळी केली. मिझुरीचं विधिमंडळ वर्षानुवर्षं नकार देत राहिलं. शेवटी ऑगस्ट 2020 मध्ये मतदारांनीच 53 टक्क्यांनी ती राज्यघटनेत घातली. विधिमंडळानं पुढच्या वर्षी त्यासाठी पैसेच मंजूर केले नाहीत. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे न्यायाधीशांनी एकमतानं मतदारांची बाजू उचलून धरली आणि योजना सुरू झाली.

कॅन्ससमध्ये ती आजही नाही. 2017 मध्ये विधिमंडळानं कशीबशी मंजूर केली, तर राज्यपाल सॅम ब्राउनबॅक यांनी नकाराधिकार वापरला. त्यानंतर लॉरा केली वर्षानुवर्षं मागत आल्या, विधिमंडळाचे नेते ते पुढेच सरकू देत नाहीत. मूलबाळ नसलेला, अपंगत्व नसलेला प्रौढ माणूस कॅन्ससमध्ये कितीही गरीब असला तरी या योजनेत बसत नाही. आई-बाप असाल तर उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 38 टक्क्यांच्या आत हवं. किमान वेतनाचंही तेच. आमच्याकडे 2009 पासून ताशी 7.25 डॉलर, रस्ता ओलांडला की त्याच्या दुप्पट. एकाच शहराची दोन अंगं आहेत ही. एकाच प्रकारच्या दुकानात, त्याच कामाला, त्याच आजाराची दोन माणसं. एकाला डॉक्टर मिळतो, दुसरा दुखणं अंगावर काढतो. दोघांच्या मतांत म्हणावा असा फरक मला इतक्या वर्षांत दिसलेला नाही.

आणि मिझुरीतही लढाई संपलेली नाही. मेडिकेड घटनेत गेलं म्हणून टिकलं. आजारपणाची रजा साध्या कायद्यानं आणली होती. मे 2025 मध्ये ती लागू झाली, दर 30 तासांच्या कामामागे एक तास. त्याच वर्षी विधिमंडळानं ती रद्द केली आणि ऑगस्टअखेर ती संपलीही. गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती परत मागे घेण्याचा सवाल त्यांनी 2026 च्या मतपत्रिकेवर घातला आहे. शिवाय असाही प्रस्ताव पुढे केला आहे की यापुढे नागरिकांनी आणलेली घटनादुरुस्ती राज्यभर बहुमत मिळवूनही पुरणार नाही, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, मिझुरीतल्या प्रत्येक मतदारसंघात वेगवेगळं बहुमत हवं. म्हणजे एका मतदारसंघानं ‘नाही’ म्हटलं की बाकी सगळ्यांचं ‘हो’ वाया. मला हा सरळसरळ लोकांच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेण्याचा डाव वाटतो. प्रस्ताव डावा असो वा उजवा, माझं मत हेच राहील.

तेव्हा पुढच्या वेळी ‘इतके टक्के अमेरिकनांना अमुक हवं आहे’ अशी बातमी वाचाल, तेव्हा त्यांनी मत कुणाला दिलं हे बघण्याआधी एवढं बघा की ते राहतात त्या राज्यात सह्या गोळा करून प्रस्ताव आणता येतो का, आणि आणलेला प्रस्ताव विधिमंडळाला नंतर पुसून टाकता येतो का.