लाकडी स्पार आणि लॉगबुकातली एक नोंद

प्रश्न: मी आणि माझा मित्र मिळून 1974 चं बेलांका सिटाब्रिया हे छोटं विमान विकत घेतोय. पंखांचे स्पार (पंखाच्या आत लांबीभर जाणारे मुख्य दांडे) लाकडी आहेत. लॉगबुकात एक जुनी नोंद सापडली: उतरताना विमान गर्रकन फिरलं, डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला लागलं, टोकाची कमान (टोकाला गोलाई देणारी पट्टी) बदलली. विकणारे म्हणतात, त्यानंतर दरवर्षी तपासणी झाली आहे, काळजी नको. घ्यावं का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: स्पार आतून पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.

स्पारसाठी वापरतात ते स्प्रूसचं (एका सूचिपर्णी झाडाचं) लाकूड ताण छान सोसतं, दाब त्या मानानं कमी. टोक जमिनीवर आपटलं की पंख वर वाकतो, स्पारच्या वरच्या कडेवर दाब येतो आणि तिथले तंतू चुरमडतात. हा तडा लाकडाच्या रेषांना आडवा जातो, केसाएवढा बारीक, व्हार्निशखाली सहज लपणारा. आणि तो बहुधा टोकाशी नसतोच! स्ट्रट (पंखाला धडापासून आधार देणारा तिरका दांडा) जोडतात तिथे स्पारला प्लायवूड चिकटवलेलं असतं. ते जिथे संपतं तिथे कडकपणा एकदम बदलतो. आधी तिथेच शोधायचं. म्हणून नुसती कमान बदलल्याच्या नोंदीनं माझं समाधान होत नाही.

एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) 2000-25-02 हा आदेश याच कुळातल्या लाकडी पंखांसाठी आहे. त्याप्रमाणे तपासणी झाल्याची सही लॉगबुकात शोधा. सही असली तरी तुमच्या ओळखीच्या, लाकडावर काम केलेल्या मेकॅनिककडून पुन्हा पाहून घ्या. पंखाच्या खालच्या बाजूच्या तपासणीच्या झाकणातून टॉर्च मारून भागत नाही. वरच्या कडेसाठी आरसा हवा आणि उजेड लाकडाला जवळजवळ समांतर धरायला हवा, तरच चुरमडलेल्या रेषेची सावली पडते. हात पोचत नसेल तर पंखावरच्या कापडात नवी झाकणं बसवता येतात. विकणाऱ्यांनी त्याला हरकत घेतली तर सरळ दुसरं विमान बघा. रिबांचे (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांचे) खिळे सैल झालेत किंवा बाहेर आलेत का, हेही पाहा. स्पार जोरात वाकल्याची ती खूण असते.

आडवा तडा निघाला, तर डागडुजी नाही, स्पारच बदलायचा. रेषांच्या दिशेनं गेलेली चीर काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवून सुधारता येते. नवा तुकडा जोडायचा तर तिरकस सांध्याचा उतार 1 ला 12, म्हणजे इंचभर जाडीला फूटभर सांधा, आणि तो पंखाच्या किंवा स्ट्रटच्या फिटिंगखाली (जोडणीच्या धातूच्या भागाखाली) कधीच येता कामा नये. कारखान्याकडून आता अ‍ॅल्युमिनियम स्पारचे पंखही मिळतात. त्यांचा भाव आधी विचारून ठेवा, मगच किमतीचं बोलायला बसा.